कानशीने झिजवलेले बूट

आमचे हे आयुष्यभर लोकांच्या पायांशी बसले, पण कुणापुढे मान म्हणून खाली घातली नाही. बुटांच्या दुकानात नोकरी. बसायला एक ठेंगणं स्टूल, हातात पाय मोजायची लाकडी पट्टी आणि जिभेला हाड नाही. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत ह्यांनी चालीवरून ओळखलेलं असायचं की ह्याला बूट कुठे चावणार आणि टाच कुठून झिजणार. घरी आले की जेवताना त्याच लोकांच्या नकला. कुणी बदक, कुणी घाईघाई, आणि बाजाराच्या रस्त्यावरून एक म्हातारा पाय ओढत जायचा, त्याचं नाव ह्यांनी ठेवलं होतं फरफट्या. मी म्हणायचे, अहो, लोकांच्या पायाला नावं ठेवू नका, आपल्यालाही दोनच दिलेत. हे हसायचे. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू.

मग एके दिवशी सकाळी दात घासता घासता ह्यांच्या अंगावरून वारं गेलं. आधी ब्रश पडला, मागोमाग हे. जीव वाचला, जीभ तर सगळ्यात आधी परत आली, हातही बराचसा आला. डावा पाय तेवढा ऐकेना. उचलायला गेलं की पंजा खाली लोंबायचा आणि बुटाचं टोक फरशीवर घासत यायचं. खर्र, खर्र. दुसऱ्या खोलीत मी डोळे मिटून असले तरी मला कळायचं की हे कुठून कुठे चाललेत.

दुकानाचे मालक भेटायला आले. वयाने आमच्या मुलाएवढे, ह्यांना काका म्हणणारे. म्हणाले, "काका, जागा तुमचीच आहे. पण दिवसभर ऊठबस, मागच्या फळीवरून खोकी आणायची, तुम्हाला माहीतच आहे. व्यायामाच्या बाई हो म्हणाल्या की या." ते गेले आणि ह्यांनी ते वाक्य धरून ठेवलं. मी लॉन्ड्रीत इस्त्रीला आहे, दोघांचं भागत होतं. पण त्या स्टुलावाचून हा माणूस घरात नुसता वाळत चालला होता. कुणी काही विचारलं की एकच उत्तर, "बाई हो म्हणू देत." सगळा जीव त्या एका होकारात अडकलेला.

ह्या बाई म्हणजे हॉस्पिटलच्या तळघरातल्या. तिथे एक लांबट खोली, एका भिंतीला आरसा आणि आरशासमोर ट्रेडमिल. मशीनच्या वर लोखंडी चौकट, तिला टांगलेले जाड पट्टे. ते पट्टे माणसाच्या छातीला आणि मांड्यांना बांधायचे, म्हणजे अंगाचा थोडा भार वरती जातो आणि माणूस पडत नाही. खाली रबरी पट्टा हळूहळू सरकतो, आणि बाई बाजूला स्टूल घेऊन बसतात, आजारी पायाचा घोटा हातात धरून तो पाऊल पाऊल पुढे ठेवतात. पहिल्या दिवशी हे मला म्हणाले, "बघ, तुझ्या लॉन्ड्रीसारखं. मला वाळत घातलंय." बाई खळखळून हसल्या. पण हे आरशात बघत नव्हते. बाईंनी दहादा सांगितलं, काका, पायाकडे नको, समोर बघा. हे आपले छताकडे. रिक्षातून घरी येताना म्हणाले, "आयुष्यभर मी स्टुलावर आणि लोक आरशासमोर. आता ती पोरगी स्टुलावर, आणि आरशासमोर कोण, तर मी." मी म्हटलं, असू दे हो, पोरगी चांगली आहे. तर म्हणाले, चांगली आहे म्हणूनच लाज वाटते.

खोटं नाही बोलत, मशीनवर ह्यांचा पाय सुधारला. आधी बाईंचा हात सुटला, मग वरचा भार कमी झाला, मग पट्ट्याचा वेग वाढला. मला वाटलं, झालं, जिंकलं. पण बाई म्हणाल्या, "काकू, इथे पट्टा पाय मागे ओढून देतो, धरायला दांडी आहे. रस्ता काही ओढून देत नाही. इथे शिकलेलं रोज रस्त्यावर नेलं तरच पायात राहतं." म्हणून सकाळी एक फेरी बाहेर, कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत, आणि पायाला स्प्लिंट लावून. स्प्लिंट म्हणजे पोटरीपासून पावलाखालपर्यंत येणारी प्लॅस्टिकची कडक पट्टी, पंजा लोंबू नये म्हणून. ती घातली की बूट मोठा लागतो. म्हणजे डाव्या पायात मोठा बूट आणि उजव्या पायात नेहमीचा.

इथे माशी शिंकली. बुटांच्या धंद्यात जोडी कधी फोडत नाहीत. गिऱ्हाईक लाख म्हणू दे, माझा एक पाय मोठा आहे, दोन मापं द्या. नाही म्हणजे नाही, फुटलेली जोडी दुकानाला लागते असं मानतात. हे म्हणाले, "आख्ख्या नोकरीत मी जोडी फोडली नाही, आणि आता स्वतःच्या पायात फोडू?" मी मोठे बूट आणून ठेवले. ते खोक्यातच राहिले.

ह्या बाईंची एक पद्धत होती. दर सोमवारी मशीनवर चढायच्या आधी सगळ्यांना बूट काढायला लावायच्या आणि सोल बघायच्या. म्हणायच्या, पेशंट सगळेच म्हणतात आम्ही चाललो, सोल काय ते खरं सांगतं. किती झिजलं, कुठे झिजलं, टोकाला ओरखडा आहे का, त्यावरून ठरवायच्या की आज काय करून घ्यायचं. ह्यांना हे फार आवडलं. दोघं मिळून लोकांचे बूट उलटे करून बघत बसायचे, आणि मला बरं वाटायचं की चला, माणूस पुन्हा कशात तरी रमला.

मी सकाळी कामावर जायचे. दुपारी आले की विचारायचे, गेला होतात का? हो, गेलो होतो, बागेपर्यंत. सोमवारी बाईंनी ह्यांचा बूट उलटा केला आणि त्यांचा चेहरा उजळला. टाचेच्या बाहेरच्या कडेला छान झीज, तिथून तिरकी अंगठ्याकडे, आणि टोक स्वच्छ. "काका, पाय उचलताय तुम्ही. आणि हा तर तुमचा नेहमीचाच बूट. स्प्लिंटशिवाय चालता?"

"ते लावलं की पाय आळशी होतो," हे म्हणाले.

बाईंनी पुन्हा सोल बघितलं. म्हणाल्या, मी सांगितलं नसतं, पण हे सोल बघून नाही तरी कशी म्हणू. आठवड्यामागून आठवडे तसंच. घरात खर्र ऐकू यायचंच, पण हे म्हणायचे, घरातल्या चपला सैल आहेत, आणि मला तेच पटायचं. मी लॉन्ड्रीभर सांगत सुटले. माझ्या नवऱ्याचं सोल बघा म्हणून एवढी फुशारकी जगात कुठल्या बायकोने मारली नसेल. मधल्या काळात आमच्या बाथरूमची मोरी दोनदा तुंबली. काळा काळा चुरा निघाला. मी वरच्या मजल्यावरच्यांच्या नावाने खडे फोडले, जिन्यात जाऊन चार शब्द बोलूनही आले. हे आतून म्हणाले, जाऊ दे गं, कशाला भांडतेस.

ह्यांच्या पाठोपाठ मशीनवर एका ताईंची वेळ असायची. बेकरी होती त्यांची. उजवं अंग गेलेलं, पण त्या डाव्या हाताने केकवर क्रीमची फुलं काढायला शिकल्या होत्या आणि ती फुलं त्यांनी डब्यातून बाईंसाठी आणली होती. चालायचं म्हटलं की मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. त्यांची मुलगी आता बेकरी सांभाळायची, कामातून वेळ काढून आईला घेऊन यायची आणि सतत घाईत असायची. तिचं आपलं एकच पालुपद, "आई, त्या काकांकडे बघ. तुझ्यानंतर आजारी पडले आणि रस्त्याने फिरतात. तू नुसती घाबरत बस." ताई ओशाळून हसायच्या. बाई एकदा ह्यांचा बूट घेऊन त्यांना दाखवायला गेल्या, चांगल्याच हेतूने. ताईंनी तो बूट डाव्या हातात घेऊन बराच वेळ बघितला.

मग एकदा बाहेरच्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. ताईंनी हळूच विचारलं, "भाऊ, पट्टी न लावता भीती नाही वाटत?"

आता इथे गप्प बसायचं ना. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. "भीती कसली, ताई," हे म्हणाले. "पहिले चार दिवस वाटतं, मग पाय आपोआप शिकतो. ते प्लॅस्टिक फेकून द्या. बाई जपून सांगतात, त्यांना सांगावंच लागतं. मी करून बघितलंय ना."

आणि मी शेजारी बसून मान डोलावली. मला ते खरं वाटत होतं.

त्या आठवड्यात बाईंनी मालकांना फोन केला, काका येऊ शकतात म्हणून. सोमवारपासून या, असा निरोप आला. ह्यांनी दुकानाचा शर्ट मला इस्त्रीला दिला. मी त्याला अशी इस्त्री केली की कॉलर उभी राहिली. हे मात्र शर्टाकडे बघत नव्हते, मला वाटलं मन भरून आलं असेल.

शेवटचं म्हणून त्या शुक्रवारी तळघरात गेलो. ह्यांना पट्टे बांधले, मशीन सुरू झालं. मी म्हटलं, बेकरीच्या ताई दिसत नाहीत आज. बाईंचा चेहरा पडला. "त्या पडल्या, काकू. परवा. स्प्लिंट काढून एकट्याच बाहेर गेल्या. फुटपाथच्या कडेला पायाचं टोक अडकलं. पडताना चांगला हात टेकला, तो मनगटात मोडला. दोन्ही हात गेल्यातच जमा आता काही महिने. मी विचारलं, पट्टी काढायला कुणी सांगितलं, तर सांगायला तयार नाहीत. म्हणाल्या, माझंच चुकलं."

ह्यांचे पाय थांबले. पट्टा काही थांबत नाही, तो सरकतच राहिला आणि ह्यांना मागे घेऊन गेला. दांडी हातातून सुटली, पाय मागे लोळले आणि हे त्या वरच्या पट्ट्यांवर लोंबकळत राहिले, मान छातीवर टाकून. बाईंनी धावत मशीन बंद केलं. काका, चक्कर आली का? काका?  मीही घाबरले. मला वाटलं पुन्हा झटका आला.

घरी आलो. संध्याकाळी जेवण पुढे ठेवलं, हात लावला नाही. मी म्हटलं, डॉक्टरला फोन करते. तर उठले, खर्र खर्र करत आत गेले आणि मोठ्या बुटांचं खोकं घेऊन आले. मी आणलेले बूट आत होतेच, आणि त्यांच्या शेजारी एक कानस, पॉलिश पेपरचे तुकडे, आणि एक जुनं फडकं.

मला कळायला वेळ लागला. मोरीतला चुरा आठवला तेव्हा कळलं.

"मी गेलोच नाही कधी," हे म्हणाले. "पहिल्या दिवशी गेलो. कोपऱ्यापर्यंत. समोरून फरफट्या आला. त्याने माझ्या पायाकडे बघितलं, आणि ओळखीचं हसला. जसं आपल्या माणसाकडे बघून हसतात ना, तसं. मी तिथूनच फिरलो."

मग ह्यांनी मला सगळं सांगितलं. रोज थोडं थोडं घासायचं, एकदम नाही. टाचेची बाहेरची कड जास्त, मधला भाग कमी, डाव्याला उजव्यापेक्षा किंचित हलकं, कारण आजारी पायावर माणूस भार कमी टाकतो. वरून कुंडीतली माती चोळायची आणि फडक्याने पुसायची. इतकं मन लावून ह्यांनी कधी माझ्या चपलेला एक खिळा मारला नाही. चांगल्या चालीचं सोल कसं दिसतं, ते ह्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? तेच ह्यांनी न चालता तयार केलं. बाईंनी ते वाचलं आणि विश्वास ठेवला.

मी बोलले, भरपूर बोलले. म्हटलं, लोकांच्या चालीवर हसताना तोंड दुखलं नाही कधी, आणि एक म्हातारा तुमच्याकडे बघून हसला तर एवढं लागलं? त्या बाईचा एकच हात होता हो. एकच. त्या हाताने ती फुलं काढत होती. हे ऐकत होते. माझं बोलून संपलं तेव्हा मला माझी मान आठवली, बाकावर डोलावलेली, आणि लॉन्ड्रीत मारलेली फुशारकी. मेल्याहून मेल्यासारखं झालं. निवलेलं जेवण मी झाकून ठेवलं.

सकाळी उठले ते हे स्वतःच तयार झाले. स्प्लिंट लावली. डाव्या पायात मोठा बूट, उजव्यात नेहमीचा. एक काळा, एक तपकिरी, कारण मोठ्या मापात मला काळाच मिळाला होता. मी म्हटलं, रिक्षा बोलावते. नको म्हणाले. बेकरी कुठे आहे ते आधी मला विचारलं, मग स्वतःच म्हणाले, माहीत आहे, आपल्या दुकानावरून पुढे.

ह्यांना रस्त्यावर चालताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मशीनवरचा तो माणूस हा नव्हेच. भिंतीला धरून, खांद्याला झोल देऊन, दर थोड्या अंतरावर थांबून. स्प्लिंटने टोक उचललं जायचं, पण पाय पुढे यायला वेळ लावायचा. लोक बघत होते. दोघातिघांनी हाक मारली. हे प्रत्येकाला ओ देत होते, पण कान लाल झाले होते. मी एक पाऊल मागे राहिले. हात धरावा असं फार वाटत होतं, आणि धरला तर ह्यांना लागेल असंही वाटत होतं.

दुकानापाशी मालक शटर वर करत होते. वळले, आनंदाने म्हणाले, "अरे काका, सोमवारची वाट बघवेना का?" आणि मग त्यांची नजर खाली गेली. आधी बुटांकडे, मग पायाकडे.

"सोमवारी मी येत नाही," हे म्हणाले. "मला चालता येत नाही अजून. बाईंना मी खोटं दाखवलं, त्यांचा काही दोष नाही. तुम्ही दुसरा माणूस बघा."

मालक काही म्हणायला गेले. हे थांबलेच नाहीत. दारातून ते स्टूल दिसत होतं, मी बघितलं, ह्यांनी बघितलं की नाही ठाऊक नाही. बाईंना आधीच सकाळी फोन करून सगळं सांगून झालं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "काका, मी त्यांना तुमचा बूट दाखवला होता हो," आणि फोन ठेवला.

बेकरीच्या मागेच ताईंची खोली. मुलगी गल्ल्यावर होती, तिने आत जायला सांगितलं. ताई उशीला टेकून बसल्या होत्या. डावा हात प्लॅस्टरमध्ये गळ्यात बांधलेला, उजवा मांडीवर पडलेला. आम्हाला बघून त्या एवढ्या ओशाळल्या की मला कळेना, ही बाई कशाला ओशाळते.

"भाऊ, तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे तुम्हाला बोल लागला का? मी बाईंना तुमचं नाव नाही सांगितलं. तुम्ही किती नीट सांगितलं होतं. मलाच जमलं नाही. मी घाबरले ना मध्येच, म्हणून पडले. पोरगी म्हणते ते खरं आहे. भित्रीच मी."

हे पलंगाच्या पायथ्याशी उभे होते, दांडीला धरून. ह्यांनी सांगितलं. कानस, पॉलिश पेपर, माती, सगळं. बागेपर्यंत एकदाही गेलो नाही हे सांगितलं. काहीच गाळलं नाही. 

ताई ऐकत होत्या. रागावतील असं मला वाटलं, रागवाव्यात असंही वाटलं.  मग त्यांनी मुलीला हाक मारली. एकदा, मग जरा मोठ्याने. मुलगी हात पुसत आली, काय आहे गं, बाहेर गिऱ्हाईक आहे.

"हिला सांगा," ताई ह्यांना म्हणाल्या. "मला सांगितलंत ते जसंच्या तसं हिला सांगा."

ह्यांनी दांडी सोडली आणि दोन्ही पायांवर उभे राहिले. म्हणाले, "पोरी, तू ज्या काकांकडे बघ म्हणायचीस, ते काका कधी रस्त्यावर चाललेच नाहीत. मी घरात बसून बूट घासले. बाहेर पडायची मला लाज वाटत होती. तुझ्या आईला मी खोटं सांगितलं, ते तिने खरं मानलं आणि घाबरत घाबरत एकटी बाहेर गेली. मी तेवढंही नाही केलं. भित्रा मी होतो. ती नव्हती."

मुलीने ह्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती आईकडे बघत होती. ताई रडत होत्या, आवाज न करता, आणि डोळे पुसायला त्यांच्याकडे हात नव्हता. मुलगी पलंगावर बसली आणि आपल्या एप्रनच्या टोकाने त्यांचे डोळे पुसायला लागली. पुसून झाले की पुन्हा भरायचे, ती पुन्हा पुसायची. बाहेर गिऱ्हाईक हाका मारत होतं. आम्हाला बसा असं कुणी म्हटलं नाही, आणि हे तसेच उभे राहिले.